गिऱ्हाईकाने पेटीतला कोड मागितलाय : जीपीएलचं सॉफ्टवेअर बदलून विकलं तर काय काय द्यावं लागतं?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय. अर्धं सांगितलं तर उत्तरही अर्धंच मिळेल.

आमचं परभणीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. गेली चार वर्षं त्याच दुकानात मी शेतातल्या मोटारीसाठी मोबाईल ऑटोची पेटी बनवतो. मिस कॉल दिला की विहिरीवरची मोटार चालू, पुन्हा दिला की बंद. एक फेज गेला तर आपोआप बंद. विहिरीत फुटबॉल (पंपाच्या पाईपाच्या खालच्या तोंडाची झडप) उघडा पडला तर बंद, आणि मालकाच्या मोबाईलवर मेसेज. लाईटची पाळी रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस दोन वाजता बॅटरी घेऊन निघतो, इच्चू-काट्यातून. त्याला ही पेटी म्हणजे रात्रीची झोप आहे. आजवर जिंतूर, सेलू, मानवत आणि पूर्णा या तालुक्यांत मिळून ११२ पेट्या गेल्यात.

आत ईएसपी३२ चिप आहे. फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये चालणारा प्रोग्राम, मी शून्यापासून लिहिलेलं नाही. टॅस्मोटा नावाचं तयार मुक्त फर्मवेअर घेतलं, त्यात फेज तपासायची फाईल मी घातली, जीएसएम मोड्युलची (सिमकार्डवरून कॉल-मेसेज घेणाऱ्या भागाची) फाईल एका मित्राकडून १५,००० रुपयांत लिहून घेतली. वेब पानावर टॅस्मोटाचं नाव होतं ते काढून दुकानाचं टाकलं. पेटीसोबत वायरिंगचा नकाशा आणि वॉरंटी कार्ड जातं. लायसन्सचा एक शब्द जात नाही. टॅस्मोटा जीपीएल-३ खाली, म्हणजे जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या तिसऱ्या आवृत्तीखाली, आहे हे माहीत होतं, पण ती फाईल कधी उघडून वाचली नाही.

मागच्या रविवारी पूर्णेकडचा एक मुलगा आला. नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या वडिलांनी दोन वर्षांपूर्वी पेटी नेलेली. म्हणाला, "दादा, आत टॅस्मोटाच आहे ना? मग बदललेला सोर्स कोड द्या. मला ओलीचा सेन्सर जोडायचाय." मी बघू म्हणालो. दाजी धंद्यात निम्म्याचे भागीदार आहेत. ते म्हणाले, "आपली चार वर्षांची मेहनत फुकट वाटायची का? उद्या मोंढ्यातला दुसरा दुकानदार हेच बनवील." पुढच्या ५० पेट्यांच्या लॉटला चिपचं सिक्युअर बूट चालू करायचं त्यांच्या मनात आहे, म्हणजे आमच्या सहीचं फर्मवेअर सोडून दुसरं काही आत जाणारच नाही.

मला चुकीचं काही करायचं नाही, आणि दुकानही बंद पडायला नको. कोड द्यावाच लागतो का? कुणाला? किती? आणि सर्व्हरवरचा डॅशबोर्ड, मोबाईल ॲप, सर्किट बोर्ड हेही द्यायचं का?


वाळूज_शिफ्ट

दाजींचं म्हणणं उडवून लावू नका. मी वाळूजला कंट्रोल पॅनलच्या वर्कशॉपमध्ये ११ वर्षं आहे. आमच्या मालकाचं एक पॅनल शेजारच्या शेडमध्ये स्क्रूच्या मापापर्यंत जसंच्या तसं उतरवलं गेलं, सहा महिन्यांत निम्म्या ऑर्डरी गेल्या. त्या दिवाळीत आम्हा चौघांना बोनस नव्हता. लहान माणसाला त्याचं डोकं एवढंच भांडवल असतं. परभणीच्या दुकानावर परदेशातून कोण केस करायला येणार आहे? मुलाला गोड बोलून सेन्सर तुम्हीच जोडून द्या, विषय संपला.


काळीभोर

मी मूळचा वसमतचा, गेली काही वर्षं एम्बेडेड लिनक्सवर काम करतो, आणि कंपनीतून माल बाहेर पडायच्या आधी लायसन्स तपासणं हे माझ्या कामातच येतं. नीट लिहितो.

दादा, एक गोष्ट आधी पक्की करा, बाकीचं तिच्यातून सुटतं. जीपीएलचं देणं वापरल्याने लागत नाही, बदल केल्यानेही लागत नाही. दुसऱ्याच्या हातात दिलं की लागतं. तुमच्या स्वतःच्या विहिरीवर टॅस्मोटा हवं तसं बदलून दहा वर्षं चालवलं असतं तर कुणाला एक ओळ दाखवायची गरज नव्हती. मित्राकडून काम करून घेतलं तेही चालतं. जो फक्त तुमच्यासाठी, तुमच्या सांगण्यावरून बदल करतो त्याला कोड देणं जीपीएल-३ च्या दुसऱ्या कलमाने मोकळं ठेवलंय. पहिली पेटी काउंटरवरून गेली, त्या दिवशी देणं सुरू झालं. पैसे घेतले हा मुद्दाच नाही. फुकट दिली असती तरी तेवढंच लागलं असतं. आणि विकायला पूर्ण मुभा आहे, हव्या त्या भावाने.

कुणाला द्यायचं? ज्याच्याकडे पेटी आहे त्याला. सगळ्या जगाला देण्याची सक्ती नाही, टॅस्मोटावाल्यांकडे परत पाठवायचीही नाही. इथे १९९१ च्या जीपीएल-२ आणि २००७ च्या जीपीएल-३ मध्ये फरक आहे. लेखी हमीचा मार्ग घेतला तर जीपीएल-२ मध्ये कुणीही तिऱ्हाईत मागू शकतो, जीपीएल-३ मध्ये ज्याच्या हातात बायनरी (कोडवरून तयार झालेलं, चिपमध्ये चालणारं रूप) आहे तो. पूर्णेच्या मुलाच्या घरी पेटी आहे. त्याचा हक्क आहे, तुमची मेहेरबानी नाही.

काय द्यायचं, इथे बहुतेक जण घसरतात. टॅस्मोटाच्या मूळ पानाची लिंक देऊन भागत नाही. त्या पेटीत जे चाललंय त्याचाच कोड, तुमच्या आणि मित्राच्या फाईलींसकट, आणि ज्या रूपात तुम्ही स्वतः बदल करता त्याच रूपात. सोबत बिल्डच्या सेटिंगच्या फाईली आणि स्क्रिप्ट, म्हणजे त्या मुलाला तसंच फर्मवेअर पुन्हा तयार करता आलं पाहिजे. कंपायलरसारखी बाजारात सगळ्यांना मिळणारी हत्यारं द्यावी लागत नाहीत. कोडमध्ये तुम्ही बदल केलाय हे आणि केव्हा केलाय ती तारीख ठळक लिहायची. मूळ कॉपीराईटच्या ओळी जिथल्या तिथे ठेवायच्या. लायसन्सची पूर्ण प्रत द्यायची. पानावर दुकानाचं नाव टाकायला हरकत नाही, पण कोडच्या फाईलींतून मूळ लेखकांची नावं पुसली असतील तर आजच परत घाला.

कसं द्यायचं? पेटीसोबत पेनड्राइव्ह दिला तरी चालतो. नाहीतर लेखी हमी द्यायची : मागाल तेव्हा कोड मिळेल. ही हमी निदान ३ वर्षांची, आणि त्या मॉडेलचे सुटे भाग किंवा सर्व्हिस देत असाल तोवरची. पेनड्राइव्हवर मागितला तर देण्याचा वाजवी खर्च तेवढा घेता येतो. सर्वांत सोपं, कोड एका जागी इंटरनेटवर ठेवा आणि पेटीतल्या हमीच्या कागदावर तो पत्ता छापा.

आता सिक्युअर बूट. हे करायच्या आधी दाजींना घेऊन बसा, कारण ईएसपी३२ मध्ये ते चालू केलं की चिपमधले ई-फ्यूज कायमचे जळतात, मागे येता येत नाही. जीपीएल-३ म्हणतं, घरगुती वापराची वस्तू असेल तर बदललेलं फर्मवेअर त्यात परत घालता यावं यासाठी लागणारी माहिती द्यायची, सहीच्या डिजिटल किल्ल्यांसकट. शेतातली मोटार घरगुती का धंद्याची यावर वाद होईल. पण तुमची पेटी घरच्या बोअरलाही बसते ना? लायसन्सनेच लिहून ठेवलंय की शंका असेल तिथे घरगुतीच धरायचं. म्हणजे कुलूप लावून किल्ली वाटावी लागेल. मग कुलपाचा खर्च कशाला?

सर्व्हरवरचा डॅशबोर्ड तुम्ही कुणाच्या हातात देत नाही, नुसता दाखवता. साध्या जीपीएलमध्ये त्याचं देणं लागत नाही. एजीपीएल, म्हणजे जीपीएलचाच जास्त कडक प्रकार, असेल तर गोष्ट वेगळी. तिचं १३ वं कलम म्हणतं, बदललेलं सॉफ्टवेअर नेटवर्कवरून जो वापरतो त्यालाही कोड मिळाला पाहिजे. डॅशबोर्ड कशावर आहे? ग्राफाना (डॅशबोर्ड बनवायचं तयार सॉफ्टवेअर) असेल तर ते एप्रिल २०२१ पासून एजीपीएल-३ खाली आहे. आत काही बदललं नसेल तर ते कलम लागू होत नाही. मोबाईल ॲप तुम्ही वेगळं लिहिलंय आणि पेटीशी फक्त मेसेजने बोलतं, तर ते तुमचं. सर्किट बोर्डही तुमचा.


पूर्णाकाठ

काळीभोर दादा, दोनदा वाचलं, दाजींनाही वाचून दाखवलं. ग्राफाना जसं आलं तसंच आहे. बोअरला म्हणाल तर ११२ पैकी १९ पेट्या घरच्या बोअरवर आहेत.

पण एक अडचण निघाली. पहिल्या ३० पेट्यांमध्ये जे फर्मवेअर गेलं त्याचा कोड आता माझ्याकडे नाही. तेव्हा गिट (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) वापरत नव्हतो. एकाच फोल्डरमध्ये बदल करत गेलो, आणि २०२२ मध्ये लॅपटॉप फॉरमॅट केला. त्या पेट्यांचा तोच कोड आता आणू कुठून? मुलाच्या वडिलांची पेटी नंतरच्या लॉटची आहे, तिचा आहे.


ग्रंथपाल_अंबाजोगाई

मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. कोड लिहीत नाही, पण या धाग्यावर दुसऱ्या बाजूचं कुणीतरी बोलायला हवं, म्हणजे ज्याला कोड हवा होता आणि मिळाला नाही त्या बाजूचं.

आमच्याकडे कोहा आहे. ग्रंथालयाचं हे सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय संस्थेसाठी तयार झालं आणि २००० च्या जानेवारीत सुरू झालं. तेही आता जीपीएल-३ खाली आहे. एका ठेकेदाराने ते आम्हाला वर्षाच्या फीवर चालवायला दिलं. त्याने दाखल नोंदवहीचा मराठी अहवाल चांगला बसवून दिला होता, अंक देवनागरी, दाखल क्रमांकाचा रकाना डावीकडे, अगदी आमच्या जुन्या वहीसारखा. लेखापरीक्षणाला तोच काढून द्यायचो. तिसऱ्या वर्षी फीवरून बिनसलं. आम्ही म्हणालो, कोहा तर मुक्त आहे, तुम्ही केलेले बदल आम्हाला द्या. तो म्हणाला, सर्व्हर माझा, तुम्ही फक्त लॉगिन करत होता, मी तुम्हाला सॉफ्टवेअर दिलेलंच नाही. काळीभोर यांनी आज जे समजावलं तेच त्याचं उत्तर होतं, आणि लायसन्सप्रमाणे ते बरोबर होतं. पुस्तकांची माहिती परत मिळाली, अहवाल गेला. नॅकची समिती यायला पाच आठवडे होते. मी आणि शिपाई मावशी, दोघींनी १४,००० पुस्तकांच्या नोंदींचे छापील तक्ते हाताने जुळवले.

पुढचा करार करताना प्राचार्यांकडे हट्ट धरून दोन ओळी घालून घेतल्या. सर्व्हर कॉलेजच्या नावावर राहील, आणि कोहात केलेला प्रत्येक बदल कोडसकट कॉलेजच्या ताब्यात दिला जाईल. ज्या संस्था असं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या सर्व्हरवर वापरतात त्यांनी एवढं आधी लिहून घ्यावं.

कोहा हा माओरी भाषेतला शब्द आहे, भेट अशा अर्थाचा. मला तो वाचला की आपला वाणवळा आठवतो. रानातली पहिली शेंग, पहिला हुरडा शेजारी पाठवायचा, आणि शेजारणीने वाटी रिकामी परत करायची नाही.

पूर्णेच्या त्या मुलाच्या घरी पेटी आहे, म्हणून त्याला मागता येतंय. आमच्या हातात काहीच नव्हतं. त्याला द्या हो.


वाळूज_शिफ्ट

ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण माझी शंका तशीच आहे. हा कागद कुठल्या कोर्टात टिकलाय का? आणि दादांनी कोड दिला की शेजारचा दुकानदार एक पेटी विकत घेऊन तोच कोड मागू शकतो, बरोबर ना? मग?


काळीभोर

टिकलाय. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने जीपीएल ग्राह्य धरून एका राऊटर विकणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाई कायम केली. दावा लिनक्स कर्नलमध्ये काम केलेल्या हाराल्ड वेल्टे यांचा होता. २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयात जेकबसन विरुद्ध कॅट्झर हा खटला झाला. विषय खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवायच्या सॉफ्टवेअरचा, लायसन्स जीपीएल नव्हे, आर्टिस्टिक नावाचं दुसरं मुक्त लायसन्स. न्यायालयाने सांगितलं की सॉफ्टवेअर फुकट वाटलं तरी लायसन्सच्या अटी मोडणं हे कॉपीराईटचं उल्लंघन ठरू शकतं.

आणि लिंकसिसच्या राऊटरचं उदाहरण तर आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राऊटर. त्यात जीपीएलखालचं लिनक्स आहे हे २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं, त्यांनी कोड मागितला, कंपनीला तो खुला करावा लागला. त्याच कोडवरून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं, जे आज कितीतरी राऊटरमध्ये चालतं. इतर मालाबद्दलच्या तक्रारी पुढेही चालू राहिल्या, आणि डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने मालक कंपनी सिस्कोवर दावा लावला. मे २००९ मध्ये तडजोड झाली. लायसन्स पाळलं जातंय का ते बघायला सिस्कोने स्वतंत्र माणूस नेमायचं कबूल केलं.

दुसरी शंका खरी आहे, ती मी लपवणार नाही. हो, शेजारचा दुकानदार पेटी घेऊन कोड मागू शकतो आणि तोही विकू शकतो. पण त्याने विकलं की तोच नियम त्यालाही. त्याने केलेली सुधारणा त्याच्या पेटीतून तुमच्यापर्यंत येऊ शकते. तुमच्या मालकाच्या पॅनलच्या बाबतीत हे नव्हतं. शेजारच्याने नेलं, परत काही दिलं नाही, कारण द्यायला कुठला कागदच त्याला बांधत नव्हता. तुमचा राग ज्या गोष्टीवर आहे, जीपीएल नेमकी तीच अडवते. आणि टॅस्मोटा लिहिणाऱ्यांच्या जागी क्षणभर उभे राहा. त्यांचं वर्षानुवर्षांचं काम आपण उचललं, नाव पुसलं आणि झाकण बंद केलं, तर त्यांच्या बाजूने आपण तो शेजारचा शेडवालाच झालो.

ज्याला कोड बंदच ठेवायचाय त्यालाही सरळ वाट आहे. ईएसपी३२ बनवणाऱ्या कंपनीचं आयडीएफ (फर्मवेअर लिहायचा मूळ साचा) अपाची २.० या सैल लायसन्सखाली आहे. त्यावर स्वतःचं फर्मवेअर स्वतः लिहा, मूळ लायसन्सची प्रत आणि कॉपीराईटच्या नोंदी तेवढ्या सांभाळा, आपला कोड आपल्याकडे ठेवा. एमआयटी आणि बीएसडी या लायसन्सचंही साधारण असंच. फक्त मग टॅस्मोटातली आयती वाय-फाय जोडणी, टायमर, ओटीए (वायर न लावता दुरून होणारं) अपडेट, सगळं हाताने उभं करायची तयारी हवी.


खंडपीठ

मी छत्रपती संभाजीनगरला वकिली करतो. लोक परदेशी निकालांवर बोलतात आणि आपला कायदा विसरतात, म्हणून थोडं.

कॉपीराईट कायदा १९५७. कलम २(ओ) प्रमाणे संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो. दुसऱ्याची साहित्यकृती बदलून तिच्या प्रती विकायच्या तर परवानगी लागते, आणि जीपीएल म्हणजे तीच परवानगी, अटींसह. अटी मोडल्या की परवानगी जाते. मग हातात जे उरतं ते विनापरवाना प्रती विकणं. लेखकाचं नाव पुसण्याबद्दल कलम ५७ बघा. कृती आपली आहे हे सांगण्याचा हक्क हा लेखकाचा खास हक्क आहे.

मला जास्त काळजी वाटली ती १५,००० रुपयांच्या फाईलीची. कागद केला होता का? नोकराने नोकरीत लिहिलेल्या कामाचा पहिला मालक कलम १७ प्रमाणे मालक असतो. मित्र नोकर नव्हता, त्याने उक्तं काम केलं. त्या फाईलीचा कॉपीराईट कायद्याने त्याचाच आहे, तुम्ही पैसे मोजले असले तरी. हक्क लिहून घ्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि त्याच्या सहीचा. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुम्हाला हक्क विकत घ्यायची गरजही नाही. त्याच्याकडून एवढंच लिहून घ्या की ही फाईल तो जीपीएल-३ खाली देतोय, आणि वर त्याचं नाव घाला. मैत्री आहे तोवर सही घ्या. माझ्याकडे लोक येतात ते मैत्री संपल्यावर.


काळीभोर

वकीलसाहेबांच्या "परवानगी जाते" यावर एक जोड देतो, नाहीतर दादांची झोप उडेल. जीपीएल-२ मध्ये चूक झाली की हक्क तिथल्या तिथे संपतो. जीपीएल-३ ने आठव्या कलमात सुधारायला जागा ठेवली. उल्लंघन थांबवलं की हक्क तात्पुरता परत येतो, आणि त्यानंतर ६० दिवसांत कॉपीराईटधारकाने कळवलं नाही तर कायमचा. त्याच धारकाची पहिलीच नोटीस आली असेल आणि मिळाल्यापासून ३० दिवसांत चूक दुरुस्त केली, तरीही कायमचा. तुम्हाला तर कुणाची नोटीसही नाही. शिवाय तुमचा हक्क अडचणीत असला तरी ज्यांनी पेट्या नेल्या त्यांचा जात नाही, ते बिनघोर वापरू शकतात.

जुन्या ३० पेट्यांचं असं करा. हरवलेला कोड ओढून आणता येणार नाही, पण त्या पेट्यांत आजचं फर्मवेअर घातलं की आत जे चाललंय त्याचा कोड तुमच्याकडे असेल. गावोगाव फिरावं लागेल, त्याला इलाज नाही. आणि इथून पुढे प्रत्येक लॉटला गिटमध्ये टॅग लावा, तोच नंबर पेटीच्या झाकणावर.

कोड उघड करायच्या आधी पासवर्ड आणि मोबाईल नंबर शोधा, जुन्या कमिटमध्येसुद्धा (गिटमधल्या जुन्या नोंदींत). शेवटच्या कमिटमधून पुसलं तरी इतिहासात राहतं.


डीटीपी_लातूर

थोडं बाजूचं आहे, पण इथेच विचारतो. आम्ही लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करतो. मुक्त हा फॉन्ट घेऊन मी त्यातला ल आणि श मराठी वळणाचा करून ठेवलाय, दोन दुकानदार तो फॉन्ट मागतायत. देऊ का?


काळीभोर

मुक्त फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. पत्रिका, फ्लेक्स खुशाल विका, छापील कामावर काही अट नाही. बदललेला फॉन्ट दुसऱ्याला देताना तो त्याच लायसन्सखाली द्यायचा, मूळ कॉपीराईटची नोंद आणि लायसन्सची फाईल सोबत, आणि नुसता फॉन्ट एकटा विकायचा नाही. लायसन्सच्या फाईलीत वरच्या बाजूला राखीव नाव लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर तुमच्या फॉन्टला ते नाव देता येणार नाही. नसलं तरी वेगळं नाव द्या, म्हणजे प्रेसवाल्याच्या मशीनवर दोन्ही फॉन्टची गल्लत होणार नाही.


पूर्णाकाठ

तीन आठवडे झाले, काय केलं ते सांगतो.

दाजी आधी तयार नव्हते. त्यांना पटलं ते वाळूजच्या भाऊंच्या पॅनलच्या गोष्टीने, आणि काळीभोर दादांच्या "नाव पुसलं आणि झाकण बंद केलं" या वाक्याने. संध्याकाळी दुकान वाढवताना म्हणाले, "त्यांचं नाव परत घाल आधी." सिक्युअर बूट रद्द केलं.

कोड आता इंटरनेटवर आहे. टाकायच्या आधी शोधलं तर जीएसएमच्या फाईलीत, टेस्टिंगच्या वेळचे चार शेतकऱ्यांचे मोबाईल नंबर कमेंटमध्ये पडलेले निघाले, आणि माझ्या सर्व्हरचा पासवर्ड. पासवर्ड बदलला, आणि इतिहास न ओढता नव्या रिपॉझिटरीत (गिटमधल्या कोडच्या साठ्यात) स्वच्छ सुरुवात केली. प्रत्येक बदललेल्या फाईलीच्या डोक्यावर काय बदललं ते तारखेसह लिहिलं. मित्राने कागदावर आनंदाने सही केली. चार वर्षांत आपलं नाव कुठेच नव्हतं याचं त्याला वाईट वाटत होतं, ते त्याने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

या शोधात आणखी एक निघालं. पाण्याची पातळी मोजायचा साधारण ६० ओळींचा तुकडा मी एका व्हिडिओखालच्या लिंकवरून उचलला होता. त्यावर लायसन्सच नाही. दादांना खाजगीत विचारलं तेव्हा कळलं की लायसन्स नसणं म्हणजे परवानगी नसणं. लिहिणाऱ्याला मेल केली, आठ दिवस उत्तर नाही, म्हणून तो तुकडा काढून मी स्वतः लिहिला. आधीपेक्षा लहान झाला.

झाकणाच्या आत आता स्टिकर आहे. त्यावर लिहिलंय : "या पेटीत टॅस्मोटा हे जीपीएल-३ खालचं सॉफ्टवेअर आमच्या बदलांसह आहे. बदललेला कोड खालच्या पत्त्यावर मिळेल. मागितल्यास पेनड्राइव्हवर देऊ, खर्च पेनड्राइव्हचा आणि टपालाचा. सर्व्हिस चालू आहे तोवर, आणि निदान ३ वर्षे." खाली लॉटचा नंबर. वॉरंटी कार्डाच्या पाठीमागेही तेच छापलं, आणि लायसन्सची पूर्ण प्रत पेटीच्या वेब पानावर ठेवली.

पूर्णेच्या मुलाला बोलावून कोड दाखवला. तो दोन दिवस दुकानात बसून होता. ओलीचा सेन्सर त्याने जोडलाच, पण त्याआधी एक गोष्ट विचारली : "दादा, लाईट आल्या आल्या पेटी मोटार लगेच का उचलते?" त्यांच्या शिवारात एकाच डीपीवर आमच्या सात पेट्या आहेत. लाईट आली की सातही मोटारी एकाच क्षणाला उचलतात आणि डीपीचा फ्यूज जातो. गावात लोक महावितरणला दोष देत होते आणि मी इथे दुकानात निवांत होतो. त्याने प्रत्येक पेटीला ३० ते २४० सेकंदांमधली वेगवेगळी वाट बघायला लावली. अकरा ओळी. त्या ओळींवर त्याचं नाव आणि तारीख आहे.

जुन्या ३० पैकी २१ पेट्यांत नवं फर्मवेअर घालून झालं. सेलूच्या बाजूच्या नऊ राहिल्यात, शनिवारी मोटारसायकलवर निघतोय. तिकडे कुणाकडे आमची पेटी असेल तर झाकणाच्या आत लॉटचा नंबर आहे का बघा. नसेल तर ती त्या नवांतली असू शकते, इथे लिहा, येऊन करून देतो.